खोबऱ्याच्या बिस्किटाचा निवाडा

धाकट्याची साठी कधीच उलटली होती, तरी सगळी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची. यात दोष त्याच्या थोरल्या बहिणीचा. आक्का वरच्या मजल्याच्या खिडकीतून उठता बसता "धाकट्याऽऽ" अशी हाक मारायची आणि खाली त्याच्या केशकर्तनालयात खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक ती ऐकायचं. ऐकून ऐकून लोकांना वाटलं, हेच नाव. पाटीवर त्याने स्वतःचं खरं नाव मोठ्या हौसेने रंगवून घेतलं होतं. ते वाचून लोक विचारायचे, "हे कोण? धाकट्याने दुकान विकलं की काय?"

घर दोन मजल्यांचं. खाली दुकान, वर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. खाली धाकट्याचं राज्य आणि वर आक्काचं. खरं सांगायचं तर खालीही आक्काचंच. दुकानातला मोठा आरसा कुठल्या भिंतीवर लावायचा, पडदा निळा की हिरवा, शेजारच्या मांजरीला दूध घालायचं की हाकलायचं, हे सगळं आक्का म्हणेल तसं व्हायचं. पण ती दादागिरी करायची नाही हं. सगळं रीतसर चालायचं. त्या घरात कोर्ट होतं.

हे कोर्ट त्यांच्या आईने काढलेलं. लहानपणी खिडकीजवळ कुणी झोपायचं यावरून दोघं रोज एकमेकांच्या झिंज्या उपटायची. एके दिवशी आई इतकी वैतागली की तिने चहाचे दोन कप दोघांच्या पुढ्यात आपटले, हातात एकेक बिस्किट दिलं आणि म्हणाली, "बुडवा. ज्याचं आधी तुटून कपात पडेल तो हरला. आणि आता मला आवाज नको."

आई गेली, कोर्ट राहिलं. त्याचे नियमही ठरून गेले. दोघांची बिस्किटं एकाच पुड्यातली हवीत. दोघांनी एकदम बुडवायची आणि अर्धीच बुडवायची. निकाल लागेपर्यंत हात वर घ्यायचा नाही, बिस्किट खायचं नाही. मुद्दाम हातातून सोडलं तर ते धरायचं नाही, बिस्किट तुटूनच पडलं पाहिजे. आणि एकदा ते पडलं की विषय संपला, पुन्हा तोंड उघडायचं नाही. ही दोन सख्खी भावंडं जन्मात कधी एकमेकांना "तुझं बरोबर आहे" असं म्हणाली नव्हती. ते काम बिस्किट करायचं.

आक्काच बहुतेक वेळा जिंकायची. तिचा हात असा स्थिर की कपातल्या चहावर साधा तरंग उठायचा नाही. धाकटा आयुष्यात दोनदाच जिंकला होता, पण दोन्ही वेळा मोठा खटला जिंकला होता. पहिला, शाळा संपल्यावर. याला हातात वस्तरा घ्यायचा होता आणि आक्का म्हणत होती, कुठल्यातरी कचेरीत खुर्चीवर बस, उगाच दुसऱ्याला खुर्चीत बसवू नकोस. दुसरा, मेहुणे वारले तेव्हा. आक्का हट्टाला पेटली होती की मी माझी एकटी राहीन, मला कुणाच्या दारात जायचं नाही. आणि धाकटा म्हणत होता, वरचा मजला रिकामा आहे, ये. दोन्ही वेळा आक्काचं बिस्किट तुटून कपात पडलं. आक्काने नाक मुरडलं, बिस्किट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि निकाल मान्य केला. त्या दोन विजयांवर धाकटा अजून मिशीतल्या मिशीत हसायचा.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग आक्काचं पोट बिघडलं.

डॉक्टरांनी तपासलं, दाबून पाहिलं आणि सांगितलं, "काही महिने धान्य पूर्ण बंद. गहू नाही, तांदूळ नाही, मका नाही. धान्य म्हणून जे काही असेल ते नाही." आक्का डॉक्टरांशी वाद घालेल अशी धाकट्याला आशा होती. पण आक्का घरी आली, बिस्किटांचा डबा उघडला, सगळी बिस्किटं शेजाऱ्यांना वाटून टाकली आणि डब्यात बटणं भरून ठेवली. कोर्ट बंद पडलं. घरात वाद व्हायचे, पण निकालच लागेनात. दुकानाच्या दाराला घंटी लावायची की नको हा प्रश्न अधांतरी राहिला, घंटी टेबलावर पडून राहिली, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ती वाजवून बघू लागलं.

आणि अशात एका सकाळी आक्का चहा गाळता गाळता म्हणाली, "पोरगी रविवारी न्यायला येतेय. म्हणते, आई, आता कायमची माझ्याकडेच ये. तिकडे लिफ्ट आहे. शिवाय मामाला पाणीसुद्धा उकळता येत नाही, आजारपणात तो तुझं काय करणार, असं म्हणते."

बहीण इथे नाही, वरून हाक नाही, असं घर धाकट्याला क्षणभर दिसलं. पण तोंड म्हणजे काय, लगाम नसलेलं घोडं. तोंडाने म्हटलं, "मग जा की."

"जातेच," आक्का म्हणाली.

"जा."

"जाणारच आहे मी. तू सांगायची गरज नाही."

"मी कुठे सांगतोय? तूच सांगतेयस."

एवढं मोलाचं संभाषण करून धाकटा खाली आला आणि त्याने बसच्या कंडक्टरच्या एकाच गालाला तीनदा साबण लावला. कंडक्टर बिचारा दुसरा गाल पुढे करत राहिला.

आता कुणीही म्हणेल, अरे बाबा, वर जा आणि "आक्का, जाऊ नकोस" एवढं म्हण. झालं! तीन शब्दांचं काम. पण हे सांगणाऱ्याला भावंडं नसावीत. जी माणसं आयुष्यभर पडद्याच्या रंगावरून भांडली, त्यांना असलं काही एकदम म्हणता येत नाही, जीभ टाळ्याला चिकटते. धाकट्याला एकच रस्ता ठाऊक होता. संध्याकाळी तो वर गेला आणि दारातूनच म्हणाला, "हा विषय कोर्टात गेला पाहिजे."

आक्का साड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. "कोर्ट भरवणार कशाने? मला बिस्किट वर्ज्य आहे. काकडी बुडवायची का चहात?"

"आणि धान्य नसलेलं बिस्किट आणलं तर?"

आक्काचा हात थांबला. "आण," ती म्हणाली. मग लगेच घडी झटकून म्हणाली, "पण विकतचं नको, त्यात काय घालतात देव जाणे. आणि माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मागच्या वेळी तू अंडं उकडलंस ते अजून छताला आहे."

झालं! धाकटा कामाला लागला. योगायोगाने दुसऱ्या दिवशी डॉक्टरच दाढीला आले. धाकट्याने विचारलं, "डॉक्टर, धान्य नाही असं बिस्किट कशाचं होतं हो?"

"खोबऱ्याच्या पिठाचं करतात लोक," डॉक्टर म्हणाले. "अंडी घालायची, लोणी, थोडी साखर. चांगलं होतं. फक्त एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती लक्षात ठेवा. ते पीठ जे असतं ना, ते..."

तेवढ्यात धाकट्याने सवयीने गरम टॉवेल डॉक्टरांच्या तोंडावर टाकला आणि दाबून बसवला. आतून बराच वेळ हुंकार येत राहिले. टॉवेल काढेपर्यंत डॉक्टरांना डुलकी लागली होती आणि धाकटा मनात बिस्किटं भाजत होता. ती महत्त्वाची गोष्ट टॉवेलातच राहिली.

चष्म्याच्या दुकानदाराकडून त्याने छोटा ओव्हन मागून आणला आणि दुकानात, दाढीनंतर लावायच्या अत्तरी पाण्याच्या बाटल्या बाजूला सारून ठेवला. वाण्याकडून खोबऱ्याचं पीठ आणलं. पांढरंशुभ्र, हलकं, सुगंधी. धाकट्याला वाटलं, असलं साजूक पीठ काय त्रास देणार? दुपारी दुकानाचा पडदा ओढून त्याने गिऱ्हाइकाला गुंडाळायची चादर स्वतःच्याच गळ्यात बांधली आणि गव्हाच्या बिस्किटाला जेवढं पीठ लागतं तेवढं खोबऱ्याचं पीठ भांड्यात घेतलं. एक अंडं फोडलं. पिठाने अंडं पिऊन टाकलं. लोणी घातलं, तेही पिऊन टाकलं. दूध ओतलं. दूध कुठे गेलं कळलंच नाही, भांड्यात कोरडी वाळू. ती वाळू त्याने मुठीने दाबून भाजली आणि बाहेर काढली, तर गरम वाळू.

दुसऱ्या खेपेला त्याने पीठ कमी घेतलं आणि दूध हात सैल सोडून ओतलं. सगळं पातळ झालं. घाबरून त्याने आणखी पीठ घातलं. तरी पातळच. आणखी घातलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून तो उठला, एक डोकं कापून परत आला, तर भांड्यात चमचा उभा. हलवला तर भांडंच बरोबर उचललं गेलं. तेव्हा धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हे पीठ एखाद्या नव्या नवरीसारखं आधी गप्प बसतं, सगळ्यांना वाटतं गरीब आहे, आणि मग हळूहळू सगळं आपल्या हातात घेतं. म्हणजे पीठ थोडं घ्यायचं, ओलं भरपूर घालायचं आणि मग हात बांधून वाट बघायची. डॉक्टर टॉवेलाखालून हेच ओरडत होते.

तिसऱ्या खेपेची बिस्किटं मात्र बिस्किटांसारखी दिसली. धाकट्याने त्यांच्यावर कंगव्याने सुंदर रेघा ओढल्या होत्या. त्याने आनंदाने चहा मागवला आणि एक बुडवलं. बिस्किट चहात शिरलं आणि नाहीसं झालं. तुटलं नाही, पडलं नाही, नुसतं गेलं. धाकट्याच्या बोटांत दोन कण राहिले.

तो खुर्चीवर मटकन बसला. खाण्यासाठी हे बिस्किट बरं होतं, पण त्याला खाण्याशी काय करायचं होतं? त्याला चहात उभं राहणारं बिस्किट हवं होतं. असलं बिस्किट घेऊन तो कोर्टात उभा राहिला तर पहिल्याच क्षणी हरणार, आणि आक्का लिफ्टमध्ये बसून वर जाणार. त्याने आरशात पाहिलं. आरशातला म्हातारा त्याला मुळीच आवडला नाही.

मग त्याला आपला धंदा आठवला. फेस! जन्मभर त्याने दुसरं केलं काय? अंड्यातलं पिवळं बाजूला काढून त्याने नुसतं पांढरं घेतलं, कोरा करकरीत दाढीचा ब्रश काढला आणि असा घोटला, असा घोटला, की वाटी उलटी केली तरी फेस खाली पडेना. तो फेस पिठात कालवून बिस्किटं केली, एकदा भाजली, थंड केली आणि चोरासारखं इकडेतिकडे बघून पुन्हा भाजली. ती चहात बुडवून तो उभा राहिला. बिस्किट हललं नाही. अहाहा!

या फेसापायी एक छोटा अपघात झाला. एकसारख्या दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या की जे होतं तेच झालं. मुख्याध्यापकांच्या तोंडाला साबणाऐवजी अंड्याचा फेस लागला. उकाड्याचे दिवस, वर पंखा. फेस पाहता पाहता वाळला. शाळेतल्या सगळ्या पोरांना चळाचळा कापायला लावणारा तो चेहरा कातडी ताणून असा गुळगुळीत झाला की सरांना भुवई उचलता येईना. "सर, दुखतंय का?" धाकट्याने विचारलं. सरांनी ओठ न हलवता "नाही" असं काहीसं म्हटलं. पुढे दोन दिवस ते शाळेत कुणावर रागावू शकले नाहीत, आणि पोरं म्हणू लागली की सर एकदम प्रेमळ झाले.

पण बिस्किट चहात टिकलं म्हणजे भागलं नाही. आक्काच्या तोंडाला ते लागायला हवं, नाहीतर ती कोर्ट भरायच्या आधीच बरखास्त करायची. चव बघायला माणसं हवीत. माणसं तर रोज खुर्चीत येऊन बसत होती. धाकट्याने पद्धतच पाडली. गिऱ्हाइकाच्या गळ्याला फेस लावायचा, वस्तरा पाजळायचा, उजव्या हाताने तो गळ्याशी न्यायचा आणि डाव्या हाताने तोंडात बिस्किटाचा तुकडा सारायचा. "कसं झालंय? अगदी खरं सांगा."

लोकांनी अगदी खरं सांगितलं. कंडक्टर म्हणाला, असं बिस्किट त्याने जन्मात खाल्लं नाही. चष्मेवाला म्हणाला, अप्रतिम, आणि कृपया हात हलवू नका. मुख्याध्यापकांनी या वेळी साबण हुंगून खात्री करून घेतली आणि मग उत्तम असा शेरा दिला. एकट्या दंतवैद्याने तुकडा चावल्यावर डोळे मिटले, जिभेने एक दाढ चाचपली आणि म्हणाला, "आमच्या धंद्याच्या दृष्टीने फार चांगलं आहे." धाकट्याला हे सगळ्यात मोठं कौतुक वाटलं.

प्रत्येक कौतुकासरशी त्याला हुरूप यायचा, आणि प्रत्येक खेपेला तो थोडा फेस वाढवायचा, थोडं जास्त भाजायचा. न जाणो, आयत्या वेळी आपलंच बिस्किट तुटलं तर? रिस्क नको. शेवटच्या खेपेची बिस्किटं ताटलीत टाकली की खणखणीत आवाज यायचा. शेजारची मांजर एक तुकडा घेऊन गेली आणि जरा वेळाने परत आणून ठेवून गेली.

रविवार उजाडला. भाची गाडी घेऊन आली. दारात आक्काच्या दोन बॅगा, एक वळकटी आणि बटणांचा डबा मांडलेला. धाकट्याला त्या बॅगांकडे बघवेना. भाची मामाच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामा, लवकर निघतो रे. ऊन व्हायच्या आत पोचायचंय."

"थांब जरा," धाकटा म्हणाला. "आधी कोर्ट."

त्याने स्वतःच्या हाताने दोन कप चहा आणला. चहाच्या टपरीवरून आणला, पण स्वतःच्या हाताने. आणि मधोमध ताटली ठेवली. कंगव्याच्या रेघांची बिस्किटं, गोल, तांबूस. आक्काने चष्मा लावला, एक बिस्किट उचललं, उलटसुलट केलं आणि नाकाशी नेलं.

"दाढी केलीस का याची?" ती म्हणाली. "वास येतोय."

"बाटल्यांशेजारी भाजलंय, म्हणून. धान्य एक कण नाही. खोबऱ्याचं पीठ, अंडं, लोणी, साखर. डॉक्टरांनाच विचारून केलंय."

भाचीला खाण्याची मनाई नव्हती, तिने एक तोंडात घातलं. कडकन आवाज आला. तिने गाल धरला. "मामा! हे काय आहे?"

"का? सगळ्यांना आवडलं!"

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?" आक्काने विचारलं. धाकट्याने नावं घेतली. आक्का ऐकत होती. "हं," ती म्हणाली. "आणि हे त्यांना विचारलंस तेव्हा तुझा वस्तरा कुठे होता?"

एकेक चेहरा धाकट्याच्या डोळ्यांपुढे आला, फेसातून वर बघणारे एकेकाचे डोळे आले. कंडक्टर तर घामाघूम झाला होता. धाकट्याला वाटलं होतं, उकाडा आहे. या गल्लीत आपल्याला तोंडावर खरं सांगणारं एकच माणूस आहे, आणि ते बॅग भरून दारात उभं आहे, हे त्याच्या लक्षात आलं. पण म्हणाला तो एवढंच, "बुडवायचं का?"

"खटला काय तो नीट सांग," आक्का म्हणाली. "आईच्या वेळेपासूनची रीत आहे."

धाकट्याने जमिनीकडे बघत सांगितलं. "माझं तुटलं तर तू जायचंस. तुझं तुटलं तर... राहायचं. इथेच. कायमचं."

भाची हातातली किल्ली फिरवायची थांबली. आक्काने पदर खोचला आणि बिस्किट धरलं. दोघांनी एकदम बुडवलं.

काही झालं नाही.

आणखी काही वेळ काही झालं नाही. धाकट्याचं बिस्किट चहात खांबासारखं उभं होतं. त्याची छाती फुगली. काय बनवलंय! मग हळूच त्याची नजर समोरच्या कपाकडे गेली, आणि आक्काचं बिस्किटही खांबासारखं उभं. उभं राहणारच. एकाच ओव्हनातलं, एकाच फेसाचं. तेव्हा कुठे या शहाण्याला कळलं की आपण एवढे दिवस घाम गाळून जे घडवलं ते आक्काचं न तुटणारं बिस्किट घडवलं. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारावी, पण तिला आधी इतकी धार कुणी लावतं?

"मामा, चहा कमी होतोय," भाची म्हणाली.

खरंच होत होता. खोबऱ्याच्या पिठाने आपला स्वभाव सोडला नव्हता. बिस्किटं सावकाश चहा पीत होती. फुगली, गुबगुबीत झाली, पण तुटतील तर शपथ. पाहता पाहता दोन्ही कपांचे तळ दिसू लागले. कोर्टाच्या आजवरच्या इतिहासात असं झालं नव्हतं. भाचीने टपरीवरून आणखी चहा आणून ओतला. बिस्किटांनी तोही प्यायला सुरुवात केली. खाली रस्त्यात कुणीतरी भाचीच्या गाडीमुळे अडकून हॉर्न वाजवू लागलं. ती धावत जाऊन गाडी पुढे घेऊन आली, तरी बिस्किटं जागच्या जागी.

"आई, तुला उशीर करायचाय का? हात काढून घे आणि चल."

"निकाल लागल्याशिवाय हात काढता येत नाही," आक्का म्हणाली. "मध्ये बोलू नकोस."

ऊन चढलं. खाली दुकानात दंतवैद्य आणि कंडक्टर येऊन टेबलावरची घंटी वाजवून गेले. धाकट्याच्या खांद्याला रग लागली. त्याने आक्काकडे पाहिलं आणि त्याला धक्काच बसला. आक्काचा हात थरथरत होता. तो हात, ज्याने कधी चहावर तरंग उठू दिला नाही! कपाळावर घाम, दात ओठांवर. बहीण म्हातारी झाली, असं त्याच्या मनात आलं, आणि आपण तिला बिस्किट धरून ताटकळत ठेवलंय याची त्याला भयंकर लाज वाटली. मरो ते कोर्ट, म्हणून तो बिस्किट टाकणार, एवढ्यात त्याची नजर तिच्या अंगठ्यावर गेली.

अंगठा पांढराफटक पडला होता. नख बिस्किटात रुतवायची पराकाष्ठा चालली होती. आक्का सगळा जोर लावून बिस्किट दाबत होती.

"आक्का," धाकटा म्हणाला, "तू दाबतेयस?"

आक्का दचकली. मग तिचा संताप अनावर झाला. "मग काय करू, मेल्या? मघापासून दाबतेय! अंगठा मोडायची वेळ आली! साधं एक बिस्किट तुला तुटणारं करता आलं नाही? कुणी सांगितलं होतं एवढं कडक करायला?"

"माझं तुटू नये म्हणून केलं!" धाकटाही ओरडला. "तू जाऊ नयेस म्हणून!"

"मग तसं तोंडाने म्हणायला काय झालं होतं? मी सांगितलं त्या दिवशी काय म्हणालास? जा की! वर तोंड करून, जा की!"

"तू तरी कुठे म्हणालीस, राहायचंय म्हणून?"

"मी का म्हणू? मी थोरली आहे!"

भाची बॅगेवर बसली होती. तिने कपाळाला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

धाकट्याने बिस्किट कपात टाकून दिलं, टंग असा आवाज झाला. "आक्का, जाऊ नकोस," तो म्हणाला. जीभ टाळ्याला चिकटली होती, पण निघाले शब्द. "वरून तुझी हाक आली नाही तर मला माझं नावसुद्धा आठवायचं नाही."

आक्का बराच वेळ चष्मा पुसत राहिली. चष्मा स्वच्छच होता. मग ती भाचीला म्हणाली, "बॅगा आत ने. येईन कधी आठवडाभर, तुझी लिफ्ट बघायला." आणि धाकट्याला म्हणाली, "असं नुसतं नाही चालायचं. निकाल रीतसर लागला पाहिजे. हातोडी आण."

धाकटा खालून हातोडी घेऊन वर आला. जिन्यात मध्येच त्याचे पाय थांबले. त्याला ते दोन जुने खटले आठवले. वस्तऱ्याचा, आणि वरच्या मजल्याचा. त्याने जिंकलेले. एवढ्या वर्षांत दोनच वेळा आक्काचं बिस्किट तुटलं होतं, आणि तिचा हात तर कधी हलायचा नाही. तो दारात येऊन उभा राहिला, हातात हातोडी तशीच.

"आक्का," त्याने हळूच विचारलं, "मग तेव्हा, ते दोन्ही वेळा..."

आक्काने त्याच्या हातातून हातोडी घेतली, आपलं बिस्किट उंबऱ्यावर ठेवलं आणि नेम धरला.

"तेव्हाची बिस्किटं चांगली होती," ती म्हणाली. "एका दाबात तुटायची."